काळं आहे, असू दे

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतून, म्हणजे औद्योगिक वसाहतीतून, फोन आला तेव्हा मी डाळिंब्या सोलत बसले होते, हात ओले, म्हणून कोपरानेच फोन स्पीकरवर टाकला आणि अख्ख्या स्वयंपाकघराने ऐकलं, "बेन, टेबल पाछुं वळतुं नथी." टेबल मागे वळत नाही. सासूबाईंनी विचारलं, कुणाचं टेबल गं? आता त्यांना काय सांगणार की हे टेबल सोळा फूट लांब आहे, बिडाचं आहे आणि माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे.

प्लेनर नावाचं मशीन हल्लीच्या पोरांनी बघितलेलं नसतं. टेबलावर काम बांधायचं, टेबल पुढे सरकतं, वर घट्ट धरलेलं टूल लोखंड सोलून काढतं, टेबल भरकन मागे येतं, परत पुढे. दिवसभर हेच. हे मशीन कुठल्यातरी बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून इथे आलं, इंग्लंडची पितळी नेमप्लेट आहे पण त्यावरचा नंबर कुणीतरी रंगात बुजवून टाकलाय. शेठना मी तीन वेळा सांगून झालं की हे काढा आणि मोठं मिलिंग मशीन घ्या. ते म्हणतात घेऊ बेन, पुढच्या वर्षी. एवढ्या लांबीचं सपाट काम याच्याइतकं स्वस्तात दुसरं काही करत नाही हेही खरं आहे म्हणा, त्यामुळे मीही फार ताणत नाही.

आता टेबल मागे कसं वळतं ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. याला वॉर्ड लिओनार्ड पद्धत म्हणतात, हॅरी वॉर्ड लिओनार्ड नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १८९१ च्या सुमारास काढलेली. एक एसी मोटर एका डीसी जनरेटरला फिरवते, त्या जनरेटरवर टेबलाची डीसी मोटर चालते, आणि टेबल उलटं न्यायचं तर मोठ्या मोटरच्या तारांना हातच लावायचा नाही, फक्त जनरेटरच्या फील्डचा, म्हणजे त्यातल्या चुंबकाच्या कॉइलचा, करंट उलटा करायचा. सहा-सात अँपिअरचा प्रश्न. दोन छोटे कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने ओढले जाणारे स्विच, एक पुढचा, एक मागचा. टेबलाच्या बाजूला लावलेला डॉग, म्हणजे एक अडकण, स्विचला धडकतो, पुढचा सुटतो, मागचा बसतो, आणि काही टनांचं धूड गुमान माघारी येतं. मला अजूनही हे बघायला आवडतं. सोळा फुटांचं टेबल आणि त्याचा लगाम पाच पैशाच्या नाण्याएवढ्या चांदीच्या बटणाच्या हातात.

तर गेले. पॅनल उघडलं. जुनं आहे म्हणून पत्र्याचं नाही, पाटीच्या दगडाचं आहे, शाळेत लिहायची पाटी असायची ना तोच दगड, दीड इंच जाड, त्याला भोकं पाडून कॉन्टॅक्टर बोल्टने आवळलेले. आणि त्या काळ्या पाटीवर पुढच्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट, म्हणजे तीच चांदीची बटणं, चकचकीत. आरशासारखे. माझ्या पोटात गोळाच आला.

"कुणी घासले?"

ऑपरेटरच्या मागे उभा असलेला एक मुलगा, एकवीस-बावीसचा असेल, आयटीआय झालेला, तो जरा अभिमानाने पुढे आला. साहेब, गेल्या आठवड्यापासून रोज सकाळी मशीन सुरू करायच्या आधी मीच घासतो, एकदम काळे पडतात.

मी त्याला काही बोलले नाही. बोलायचा हक्कच नव्हता, कारण १९८७ साली मी स्वतः हेच केलं होतं, आणि माझ्या कानशीने तर एक क्रेन जवळजवळ छतातून बाहेर काढली असती.

कलाभवनातून इलेक्ट्रिकल करून बाहेर पडले तेव्हा वर्गात आम्ही दोन मुली. कलाभवन म्हणजे सयाजीरावांनी १८९० मध्ये उघडलेलं, आता युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी, पण बडोद्यात आमच्या पिढीचे लोक अजून कलाभवनच म्हणतात. नोकरी लागली एका कारखान्यात, मेंटेनन्सला. तिथे एक वायरमन होते, पन्नाशीचे, दांडिया बाजारातले, खाकी हाफ शर्ट, वरच्या खिशात टेस्टर आणि जुनी व्हिजिटिंग कार्डं. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, मॅनेजरसुद्धा. मला ते "मॅडम" म्हणायचे आणि त्या मॅडममध्ये मान किती आणि चेष्टा किती हे मला सहा महिने कळलं नाही.

एका रविवारी शटडाऊन होतं आणि मामा सुट्टीवर. मी पाच टनी क्रेनच्या होइस्टचा, म्हणजे हुक वर-खाली करणाऱ्या मोटरचा, कॉन्टॅक्टर उघडला, तर पॉइंट काळेकुट्ट, वर बारीक खड्डे, कडेला मणी साचलेले. मला वाटलं केवढं हे दुर्लक्ष! बसले कानस घेऊन. तीन फेज, प्रत्येकी चार बटणं, दोन तास घासत होते, नंतर पॉलिश पेपर, नंतर कपडा. झाल्यावर इतके सुंदर दिसायला लागले की मी हेल्परला बोलावून दाखवले.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवार होता बहुतेक, ऑपरेटरने वरचं बटण सोडलं आणि हुक थांबलाच नाही.

क्रेनवर हुक फार वर जाऊ नये म्हणून लिमिट स्विच असतो. तो होता, चालू होता, त्याने आपलं काम केलंही. पण तो लिमिट काय करतो, कॉइलची सप्लाय तोडतो. कॉइल सुटली तरी पॉइंटच जर एकमेकांना वितळून चिकटले असतील तर मोटर चालूच राहणार, आणि ब्रेक मोटरच्याच लाइनवर असल्यामुळे तोही उघडाच राहणार. म्हणजे आमची सगळी सुरक्षा ज्या एका गोष्टीवर टांगलेली होती, तीच मी घासून ठेवली होती. भिंतीजवळ उभ्या हेल्परने मेनचा हँडल खाली ओढला, ब्रेक बसला, हुक दोर गुंडाळायच्या ड्रमपासून वीतभर अंतरावर थांबला. खाली कोणी नव्हतं. तो हेल्पर म्हणजे तोच, ज्याला मी तीन आठवड्यांपूर्वी पॉइंट दाखवले होते.

मामांनी कॉन्टॅक्टर खाली काढला, बेंचवर ठेवला, पाना लावून चिकटलेला पॉइंट उचकटला. टप्प असा आवाज आला. मग बटण अंगठ्यावर ठेवून माझ्यासमोर धरलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा मॅडम न म्हणता म्हणाले, "अगं, किती चांदी खाल्लीस तू?"

आणि मग विचारलं, भुगा कुठंय. मी म्हटलं झाडून टाकला. ते इतके हळहळले, क्रेनसाठी हळहळले नव्हते तेवढे. म्हणाले, सोनाराच्या दुकानातला केर झारेकरी विकत घेतात माहितीय ना, धुऊन त्यातलं सोनं काढतात, आणि तू कंपनीची चांदी सुपलीत भरून उकिरड्यावर टाकलीस. शिवाय तो भुगा नाकात गेला असेल ते वेगळंच, कारण ती निव्वळ चांदी नसते. त्याबद्दल पुढे सांगते.

संध्याकाळी सुटल्यावर गेटसमोरच्या लारीवर सेव-उसळ खाताना त्यांनी मला जे समजावलं ते चार वर्षं कलाभवनात कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मी लिहून घेतलं असेल आणि विसरले असेन.

त्यांनी वाढायचे दोन डाव घेतले, एकावर एक पालथे टेकवले. म्हणाले, हे कुठे टेकलेत? मी म्हटलं सगळीकडे. म्हणाले नाही, दोन-तीन ठिकाणी, बाकी सगळी हवा. पॉइंटचंही तसंच, कितीही घासा. हेच पुढे मी रॅग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या नावाने वाचलं, हा माणूस बर्लिनला सीमेन्समध्ये होता आणि आयुष्यभर दोन धातू एकमेकांना टेकतात म्हणजे नेमकं काय होतं एवढंच शोधत राहिला. करंट त्या दोन-चार बारीक ठिपक्यांतून जातो. ते ठिपके किती मोठे हे पॉइंटच्या चकाकीवर नाही ठरत, स्प्रिंगच्या दाबावर ठरतं. दाब कमी झाला की ठिपके लहान, ठिपके लहान झाले की तिथे गरम, आणि चांदीच्या टेकलेल्या जागेवर साधारण ०.३७ व्होल्ट पडले की ती जागा वितळते. चारशे पंधरा व्होल्टच्या सर्किटमध्ये पाव-अर्धा व्होल्ट कुणाच्या लक्षात येतो?

आणि दाब कुठून येतो? कॉन्टॅक्टर बसतो तेव्हा पॉइंट एकमेकांना टेकले की खेळ संपत नाही. टेकल्यावरही पॉइंट धरणारा मागचा कॅरिअर अजून दोन-तीन मिलिमीटर पुढे जातो आणि तेवढी स्प्रिंग दाबली जाते. तोच दाब. पॉइंट झिजत जातो तसं ते अंतर कमी होत जातं. पॉइंट काळा आहे का, खड्डे आहेत का, हे बघायचंच नाही, ते अंतर किती उरलंय ते बघायचं. मी दोन तासांत बहुतेक तेच अंतर घासून टाकलं होतं, आणि ते पण वेडंवाकडं, त्यामुळे तीन फेजमध्ये एक आधी टेकत होती, एक उशिरा. बसताना पॉइंट थरथरतात, प्रत्येक थरथरीला ठिणगी, आणि एक दिवस ठिणगीच्या जागी वेल्डिंग.

"पण मग काळं?"

"काळं आहे, असू दे."

चांदी काळी पडते ती दोन कारणांनी. हवेतल्या गंधकाने सल्फाइड होतं, आणि ठिणगीत थोडं ऑक्साइड. चांदीचं ऑक्साइड दोनशे डिग्रीच्या आसपास आपोआप मोडून परत चांदी होतं, आणि सल्फाइडचा थर मऊ असतो, दणकून बसणाऱ्या कॉन्टॅक्टरपुढे आणि ठिणगीपुढे तो टिकत नाही. म्हणून पॉवरच्या चांदीच्या पॉइंटला काळेपणाचा काही त्रास नसतो. कडेला साचलेला मणी दुसऱ्या पॉइंटला अडकत असेल तर तेवढा उडवायचा. बास.

हे ऐकताना मला आमच्या देवघरातलं निरांजन आठवलं. आजीच्या सासूचं, चांदीचं. दर दिवाळीला, गणपतीला, चैत्रगौरीला रांगोळीने घासायचं, घरातल्या मुलींचं कामच होतं ते. त्यावर म्हणे वेलबुट्टी होती. मी बघितली नाही, माझ्या आईनेही नाही, आजी म्हणायची की तिच्या लग्नात होती. म्हणजे एक अख्खी वेल आम्ही बायकांनी तीन पिढ्यांत चकचकीत करून संपवली.

बरं, हा नियम सगळ्यांना लागू नाही, नाहीतर कुणीतरी हे वाचून सगळंच काळं ठेवील. तांब्याचे पॉइंट असले तर गोष्ट उलटी. तांब्याचं ऑक्साइड करंट अडवतं आणि तापलं म्हणून परत तांबं होत नाही. म्हणून जुन्या क्रेनच्या केबिनमधले ड्रम कंट्रोलर, ते मोठ्या हँडलचे, त्यांच्यात तांब्याच्या पट्ट्यांवर तांब्याची बोटं घासत जातात, घासणं हे त्यांच्या कामातच आहे, प्रत्येक वेळी स्वतःला साफ करतात. तिथे बारीक कानस चालते आणि वर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात. मामा ते बोटाने लावायचे आणि उरलेलं ओठांना.

आणि तिसरा प्रकार नंदेसरीला भेटला. नव्वदच्या दशकात, मी नोकरी सोडून स्वतःची कामं घ्यायला लागले होते. नंदेसरी म्हणजे सगळे केमिकलचे कारखाने, बाजूला कोयलीची रिफायनरी १९६५ पासून, तिथल्या हवेत तांब्याची तार उघडी ठेवली तरी काळी होते. एका प्लांटमध्ये इंटरलॉकचा (म्हणजे एक चालू असताना दुसरं चालू होऊ न देणाऱ्या सोयीचा) एक रिले, कॉन्टॅक्टरचाच छोटा भाऊ, मनात येईल तेव्हा सिग्नल द्यायचा नाही. बाहेर काढून टेस्ट केला की चालायचा. तीन नवे रिले बदलून झाले होते. तिथे चांदीचं काळं खरंच गुन्हेगार होतं, कारण पॉइंटवर चोवीस व्होल्ट आणि काही मिलीअँपिअर, ठिणगी नाही, दणका नाही, तो सल्फाइडचा पापुद्रा फोडणार कोण? अशा ठिकाणी सोन्याचा मुलामा दिलेले पॉइंट लागतात. ते येईपर्यंत मी मामांची युक्ती केली, खिशातलं जुनं व्हिजिटिंग कार्ड, गुळगुळीत नको, साध्या जाड कागदाचं, त्याची पट्टी पॉइंटमध्ये धरायची, रिले हाताने बंद करायचा आणि पट्टी हळूच ओढायची. पट्टीवर काळी रेघ येते. दोन-तीनदा ओढली की स्वच्छ. कानस नाही, पॉलिश पेपर तर मुळीच नाही, त्याची वाळू मऊ चांदीत रुतून बसते आणि मग तुम्ही चांदीऐवजी वाळूवर वाळू टेकवत असता.

असो. प्लेनरवर येते.

त्या मुलाने पॉइंट रोज घासले होते तरी मूळ दुखणं दिसत होतं. एका बटणावर मध्ये टेकाड, समोरच्या बटणात तेवढाच खड्डा. डीसीची सही आहे ही. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, ठिणगीला मरायला संधी मिळते, आणि दिशा बदलत राहते म्हणून दोन्ही पॉइंट साधारण सारखे झिजतात. डीसीमध्ये दिशा एकच, धातू एका बाजूचा उठून दुसऱ्या बाजूवर जाऊन बसतो. ज्यांनी जुन्या स्कूटर चालवल्यात त्यांनी हे बघितलंय. मेकॅनिक "प्लॅटिनम खराब झाले" म्हणायचा आणि कंडेन्सर बदलायचा. (ते प्लॅटिनम नव्हतं कधीच, टंगस्टन होतं. पण प्लॅटिनम म्हटलं की बिल जरा शोभून दिसतं.)

टेकाड खड्ड्यात अडकलं की पुढचा कॉन्टॅक्टर वेळेवर सुटत नाही, तो सुटल्याशिवाय मेकॅनिकल इंटरलॉक मागच्याला बसू देत नाही, आणि टेबल आपलं पुढेच. हिशेब केला, मिनिटाला सहा-सात फेऱ्या धरल्या तरी तासाला चारशे, एका पाळीत तीन हजारांवर वेळा ते बटण सुटतं आणि बसतं. वर्षानुवर्षं. तक्रार करायला जागाच नाही.

पण एक गोष्ट खटकत होती. वर्षानुवर्षं चाललेलं बटण गेल्या दोन महिन्यांतच का मरायला लागलं? पॉइंट जळाला की लोक पॉइंटकडेच बघतात, आणि खरं कारण दुसरीकडे कुठेतरी असतं, कॉइलला व्होल्टेज कमी, मॅग्नेटच्या तोंडावर कचरा, स्प्रिंग मेलेली, नाहीतर ऑपरेटर बटण टिकटिक टिकटिक करत काम ॲडजस्ट करतोय. इथे फील्ड आहे, म्हणजे हजारो वेढ्यांची कॉइल, तिचा करंट एकदम तोडला तर ती उसळते. म्हणून फील्डला समांतर एक डिस्चार्ज रेझिस्टन्स असतो, तोडलेला करंट त्यातून फिरत फिरत शांत होतो. तो शोधायला अर्धा तास गेला, पॅनलच्या मागे खाली, चिनी मातीच्या नळीवर तार गुंडाळलेली, वर चाळीस वर्षांचा ऑइलमिश्रित चिखल. मीटर लावला. ओपन, म्हणजे करंटला वाटच नाही. पुसून बघितलं तर टोकाच्या गंजलेल्या पट्टीखाली तार तुटलेली. म्हणजे दोन महिने ती सगळी उसळी त्या दोन बटणांवर येत होती, आणि शेवटचा आठवडाभर रोज सकाळी आपला हा मुलगा प्रेमाने त्यांना पॉलिश करत होता.

रेझिस्टन्स नवा बांधणं सोपं. बटणं कुठून आणायची? एसीचा कॉन्टॅक्टर असता तर मी सरळ सांगितलं असतं, काढा आणि नवा बसवा, माझ्या एका दिवसाच्या पैशांत येईल. हे सगळं जुनं ते सोनं वगैरे माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. पण हा डीसीचा, मागे ठिणगी ढकलून देणारी ब्लोआउट कॉइल, वर ती कोंडून विझवणारी आर्क चूट, इंटरलॉकच्या दांड्या पाटीतून आरपार गेलेल्या, याच्या जागी दुसरं काही बसवायचं म्हणजे पॅनलच बदलायचं. मागे एकदा अशाच कामासाठी एका सप्लायरकडून "ओरिजिनल" किट घेतलं होतं, नाव सांगत नाही, दीड महिन्यात त्याची चांदी सोलून खाली तांबं दिसायला लागलं होतं. नुसता मुलामा. पैसे गेले ते गेलेच, वर ऐकूनही घ्यावं लागलं.

माझ्या कपाटात श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. मामा रिटायर झाले तेव्हा त्यांनी तो दिला होता, आत सुट्ट्या बटणांची पुडी, निरनिराळ्या मापांची, सगळी चांदी-कॅडमियम ऑक्साइडची. चांदीत दहा ते पंधरा टक्के कॅडमियम ऑक्साइड मिसळलेलं असतं, ठिणगी पडली की ते आधी मोडतं आणि उष्णता घेऊन जातं, त्यामुळे पॉइंट एकमेकांना सहज चिकटत नाहीत. आता बहुतेक जण टिन ऑक्साइडकडे वळलेत, कारण कॅडमियम विषारी. माझ्या १९८७ च्या भुग्यात तेच होतं. मापाची चार बटणं निघाली. ती तांब्याच्या बोटांवर जोडायला मी घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत गेले, आमच्या नेहमीच्या सोनारकाकांकडे, ज्यांनी माझं मंगळसूत्र केलंय आणि दोनदा वाढवलंय.

काकांनी बटण हातात घेतलं, भिंगातून बघितलं, नखाने खरवडलं. टाकणखार दगडावर पाण्यात उगाळला, बटणाला लावला, चांदीच्या डाखाची बारीक कापटी ठेवली आणि ज्योत धरली. डाख वितळला आणि बटणावरून पाऱ्यासारखा घरंगळत कडेला गेला. परत केलं, परत तेच. काका भिंग काढून माझ्याकडे बघत राहिले. "ताई, यात भेसळ आहे. हे डाख धरत नाही." त्यांच्या आवाजात असा सूर होता की जणू मी खोटी चांदी गळ्यात मारायला आलेय.

मग मला आठवलं आणि मी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. ऑक्साइडवाल्या चांदीला डाख धरतच नाही, म्हणून कारखान्यात या बटणांच्या पाठीला शुद्ध चांदीचा एक पातळ थर देतात, फक्त जोडण्यासाठी. आम्ही बटण पालथं धरलं होतं. उलटं केलं, पाठ जरा पांढरी दिसते, तिथे डाख असा पसरला की काका हसले. मी आधी खिडकी उघडायला लावली आणि पंखा धुराकडे पाठ करून ठेवला. ते म्हणाले माहितीय ताई, केडीएममध्ये आम्ही काय कमी धूर खाल्लाय? दागिन्यांना कॅडमियमचा डाख लावायचे ना पूर्वी, तेच केडीएम. सोनारांच्या फुफ्फुसांची वाट लागते म्हणून ते मागे पडलं. त्यांच्या थोरल्या भावाला शेवटची काही वर्षं जिना चढवत नव्हता, असं ते ज्योत धरल्या धरल्याच बोलले आणि पुढचं बटण मागितलं.

ज्योत बटणावर नाही, तांब्याच्या बोटावर, खालून. तांबं लाल झालं, डाख चकाकला, चिमट्याने बटण इवलंसं हलवून दाबलं, कडेने सगळीकडून रेघ दिसली पाहिजे. मग तुरटीच्या पाण्यात उकळलं. चार बोटं, पाऊण तास. मजुरी घेईनात. शेवटी म्हणाले एकदा ते मशीन दाखवायला न्या.

बसवताना घाई केली नाही. पॉइंटमध्ये कागदाची पट्टी, बोटाला स्प्रिंग काटा, काटा ओढत जायचा आणि पट्टी सैल सुटेल तो आकडा लिहायचा. एका बाजूचा कमी येत होता, स्प्रिंग बदलली. आर्क चूट बसवल्याशिवाय ट्रायल घेऊ दिली नाही, शेठ म्हणत होते एकदा बघू तर द्या. ती जुनी पांढुरकी जड चूट ॲसबेस्टॉसची असणार, म्हणून हवा मारून साफ करायलाही दिली नाही, ओल्या फडक्याने पुसली. मग चालू केलं. टेबल गेलं, डॉग टेकला, खट्-खट्, टेबल वळलं. ठिणगी चूटच्या आत इवलीशी निळी, बाहेर काही नाही. पंधरा मिनिटं सगळे नुसते बघत उभे राहिलो. तो मुलगा ठिणगी मोजत होता.

त्याला मी सगळं सांगितलं. क्रेनचंही सांगितलं, वीतभर अंतराचंही. निरांजनाचं नाही सांगितलं, त्याला कशाला. त्याने मान डोलावली, मोबाइलमध्ये फोटो काढले, अंतर कसं मोजायचं ते दोनदा करून दाखवलं. मला वाटलं झालं, पोरगं हुशार आहे.

परवा सकाळी सातला फोन. "बेन, नवा पॉइंट काळा पडी गया. घसी नाखुं?"

मी म्हटलं थांब, हात लावू नकोस, मी येते. आणि तिथल्या कपाटात जेवढ्या कानशी आहेत तेवढ्या बाहेर काढून शेठच्या टेबलावर ठेव.